ट्यून केलेल्या ट्रकला उंचावर कोणतं ऑक्टेन? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न पेट्रोलवर चालणाऱ्या, ट्यून किंवा रिमॅप केलेल्या, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरचं सॉफ्टवेअर बदललेल्या, पिकअप ट्रकवाल्यांचे आहेत. टर्बो, सुपरचार्जर (दोन्ही इंजिनात हवा दाबून भरतात) आणि साधं, म्हणजे तसं काही नसलेलं इंजिन असे तिन्ही प्रकार इथे येतात. ऑक्टेनचे आकडे अमेरिकी पंपावर दिसतात त्या पद्धतीचे आहेत. रॉन (युरोप-भारतातली पद्धत) असेल तिथे तसं म्हटलंय. वेळ कमी असेल तर टर्बोचा प्रश्न आणि ९३ च्या ट्यूनचा प्रश्न, एवढे दोन तरी वाचा.

डोंगराळ भागात पंपावर ८५ ऑक्टेन ‘रेग्युलर’ म्हणून मिळतं. विकतात म्हणजे चालत असणारच ना?

विकतात याचा अर्थ विकायला परवानगी आहे, इतकाच. कोलोरॅडोसारख्या रॉकी पर्वतरांगेतल्या राज्यांत ८५ चा पंप आजही दिसतो. ही प्रथा कार्ब्युरेटरच्या जमान्यातली. विरळ हवेत त्या इंजिनांच्या सिलिंडरमध्ये दाबच कमी तयार व्हायचा, शिवाय कार्ब्युरेटर हवेच्या मानाने पेट्रोल जास्त सोडायचा. त्यामुळे ८५ वरही इंजिन नॉक करत नसे (मिश्रण स्वतःहून पेटून हादरा बसत नसे), आणि ते पेट्रोल स्वस्तही पडायचं. मग इंजेक्शन आलं, टर्बो आले, कॉम्प्रेशन वाढलं. इंजिनं बदलली, पंप मात्र तसाच राहिला.

पुस्तिकेत किमान ८७ लिहिलं असेल तर उंचावर राहता म्हणून ते ८५ होत नाही. फोर्डच्या पिकअपच्या पुस्तिका ८७ पेक्षा कमी ऑक्टेनबद्दल स्पष्ट इशारा देतात, आणि त्यात उंचावरच्या पंपांचा खास उल्लेख असतो. ही झाली कंपनीतून आली तशा ट्रकची गोष्ट. ट्यून केलेल्या टर्बो ट्रकसाठी ८५ हा विचारात घ्यायचा पर्यायच नाही.

ऑक्टेन जास्त म्हणजे पेट्रोलमध्ये ताकद जास्त, हे खरं का?

नाही. ऑक्टेनचा आकडा फक्त एवढंच सांगतो की दाब आणि उष्णता वाढली तरी ते पेट्रोल ठिणगीची वाट किती बघतं. आयसो-ऑक्टेनला १०० आणि एन-हेप्टेनला ० धरून ही मोजपट्टी बनली. ठिणगी पडल्यावर ज्वाला सिलिंडरभर पसरत असताना कोपऱ्यात उरलेलं मिश्रण स्वतःहून पेटलं की दाबाचा हादरा बसतो. तेच नॉकिंग. कधी ते टकटक असं ऐकू येतं, पण मोठे टायर, मोकळा एक्झॉस्ट आणि वाऱ्याचा आवाज यांत बऱ्याचदा कानावरच येत नाही.

ताकद मिळते ती ट्यूनमधून. जास्त ऑक्टेन आहे म्हणून ट्यूनर ठिणगी थोडी आधी पाडू शकतो (म्हणजे टायमिंग पुढे नेतो), बूस्ट, म्हणजे दाबून भरलेल्या हवेचा जादा दाब, वाढवू शकतो. ट्यून ८७ ची असेल आणि इंजिन त्यावर टायमिंग मागे घेत नसेल, तर त्यात ९३ ओतून हाती काही लागत नाही.

एकीकडे ९१ लिहिलेलं असतं, दुसरीकडे ९५. यातलं चांगलं कोणतं?

बहुधा दोन्ही एकच. रॉन आणि मॉन अशा दोन चाचण्या आहेत. रॉनची चाचणी ६०० आरपीएमला आणि सौम्य परिस्थितीत होते. मॉनची ९०० आरपीएमला आणि गरम मिश्रणावर. युरोपात आणि भारतात पंपावर रॉन लिहितात, अमेरिकेत दोन्हींची सरासरी. म्हणून अमेरिकेतलं ८७ म्हणजे साधारण ९१ ते ९२ रॉन, ९१ म्हणजे ९५ ते ९६ रॉन, आणि ९३ म्हणजे ९८ रॉनच्या आसपास.

ट्यून फाइल परदेशातून मागवली असेल तर हे आधी विचारून घ्या. ‘९५ ची ट्यून’ रॉनची असेल तर अमेरिकेत ९१ वर भागतं. ‘९१ ची ट्यून’ अमेरिकी असेल आणि तुमच्याकडे पंपावर ९१ रॉन असेल, तर तुम्ही टाकीत प्रत्यक्षात ८७ भरताय.

टर्बो नसलेल्या इंजिनाला उंचावर कमी ऑक्टेन का पुरतं?

समुद्रसपाटीला हवेचा दाब १०१ किलोपास्कल असतो. १६०० मीटरवर, म्हणजे डेन्व्हरच्या उंचीला, तो ८३-८४ होतो. ३००० मीटरवर ७०. कोलोरॅडोतल्या पाइक्स पीकच्या माथ्यावर, ४३०२ मीटरला, ६० च्या आसपास. साध्या इंजिनात थ्रॉटल पूर्ण उघडला तरी बाहेर आहे त्यापेक्षा जास्त दाब मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे सिलिंडरकडे हवा नेणाऱ्या नळीत, येऊच शकत नाही. सिलिंडरमध्ये हवा कमी, कॉम्प्रेशनच्या शेवटी दाब कमी, म्हणून नॉकिंगची भीतीही कमी. ताकदही त्याच प्रमाणात जाते: दर हजार मीटरला ढोबळमानाने दहा टक्के.

पण इथेही एक मेख आहे. हवा विरळ आहे हे आधुनिक ईसीयूला, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरला, कळतं, आणि गेलेली ताकद थोडी तरी भरून काढायला तो टायमिंग पुढे नेतो. म्हणजे डोंगराने दिलेली ऑक्टेनची सवलत कॉम्प्युटर आधीच वापरून मोकळा होतो. वर ट्यूनरनेही टायमिंग पुढे ढकललेलं असेल तर उरतं फारच थोडं. साध्या, कंपनी ट्यूनच्या व्ही-८ ला उंचावर पुस्तिकेतलं किमान ऑक्टेन निवांत चालतं. ट्यून केलेल्याला ट्यूनवर लिहिलेलंच हवं.

मग टर्बोला ही सवलत का नाही? हवा तर त्यालाही विरळच मिळते.

या पानावरचा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हाच आहे, म्हणून जरा सविस्तर.

आजच्या टर्बो ट्रकमध्ये ईसीयू मॅनिफोल्डमधला निरपेक्ष, म्हणजे शून्यापासून मोजलेला, दाब बघतो. त्याला २०० किलोपास्कल हवे असतील तर तो २०० मिळेपर्यंत वेस्टगेट (टर्बोला वगळून एक्झॉस्ट सोडणारी झडप) बंद ठेवतो. बाहेर समुद्र आहे की बर्फ, याच्याशी त्याला देणंघेणं नाही. समुद्रसपाटीला १०० चे २०० करायचे म्हणजे दुप्पट. ३००० मीटरवर ७० चे २०० करायचे म्हणजे जवळजवळ २.९ पट. सिलिंडरमध्ये जाणारा दाब तोच, पण त्यासाठी टर्बोला उपसावं लागणारं काम कितीतरी जास्त.

हवा दाबली की तापते. कॉम्प्रेसरची कार्यक्षमता ७० टक्के धरून गणित मांडा. २५ अंशांची हवा दुप्पट दाबली तर टर्बोतून सुमारे ११८ अंशांना बाहेर येते. तीच २.९ पट दाबली तर १७० च्या पुढे जाते. वर हवा गार असते हे मान्य. २५ च्या जागी ५ अंश धरा. तरीही १४५ च्या घरात. शिवाय तिथे टर्बो आपल्या सोयीच्या पट्ट्याबाहेर फिरत असतो, त्यामुळे कार्यक्षमता ७० ची ६५ झाली की आकडा आणखी चढतो.

ही तापलेली हवा थंड करायची जबाबदारी इंटरकूलरची. त्याच्यावरून वाहणारी हवाही तीस टक्के विरळ! चढावर ट्रेलर घेऊन ट्रक ताशी साठने रांगत असेल तर इंटरकूलर बघता बघता हात टेकतो. तिसरी बाब एक्झॉस्टची. टर्बो जास्त फिरवायचा म्हणून वेस्टगेट मिटलेला राहतो, एक्झॉस्ट मॅनिफोल्डमध्ये दाब साचतो, आणि जळून गेलेला गरम वायू सिलिंडरमधून पूर्ण बाहेर पडत नाही. पुढच्या खेपेचं मिश्रण त्यामुळे आधीच तापतं.

दाब तेवढाच आणि हवा जास्त गरम, म्हणजे नॉकिंगची शक्यता समुद्रसपाटीइतकी किंवा तिच्याहून जास्त. टर्बो ट्रकला डोंगर ऑक्टेनमध्ये सवलत देत नाही, उलट कधी कधी वरून जादा मागतो.

विरळ हवेवरचा इलाज म्हणूनच तर टर्बोचं नाव झालं. १९१८ मध्ये जनरल इलेक्ट्रिकच्या सॅनफर्ड मॉस यांनी लिबर्टी विमान इंजिन पाइक्स पीकवर नेऊन, टर्बो लावून, उंचावरही समुद्रसपाटीची ताकद मिळते हे दाखवलं. उंचावर समुद्रसपाटीची ताकद घ्यायची तर इंधनही समुद्रसपाटीचंच लागणार.

कंपनीच्या ट्यूनमध्ये उंचावर बूस्ट आपोआप कमी होतो ना?

होतो. टर्बो ठरावीक वेगापुढे जाऊ नये म्हणून बाहेरच्या दाबानुसार मर्यादा घातलेल्या असतात. अडचण अशी की बऱ्याच ट्यून फायलींत याच मर्यादा सैल केलेल्या असतात, कारण ट्यूनरचं गाव सपाटीवर असतं आणि तिथे त्या कधी आड येत नाहीत. ट्यून घेताना एक प्रश्न विचाराच: ‘बॅरोमेट्रिक दाबाचे आणि प्रेशर रेशोचे टेबल तुम्ही हलवलेत का?’ उत्तर देताना समोरचा घुटमळला तर तो ट्यूनर डोंगरासाठी नाही.

माझा बूस्ट गेज वर गेल्यावर जास्त दाखवतो. बिघडला का?

बिघडला नसावा. डॅशवर वेगळा लावलेला गेज बाहेरच्या हवेपेक्षा किती जास्त दाब आहे, ते दाखवतो. मॅनिफोल्डमध्ये २०० किलोपास्कल असताना तो समुद्रसपाटीला १०० दाखवेल आणि ३००० मीटरवर १३०. इंजिनाला मिळालं तेवढंच, टर्बोची मेहनत मात्र वाढली.

उलटही होतं. जुन्या पद्धतीच्या, फक्त स्प्रिंगवर चालणाऱ्या वेस्टगेटला बाहेरची हवाच आधार असते. अशा ट्रकमध्ये गेज वर-खाली तेवढंच दाखवतो, पण निरपेक्ष दाब उंचीबरोबर घसरतो. त्याला वर थोडी ऑक्टेनची उसंत मिळते खरी. आपला ट्रक कोणत्या प्रकारातला, हे माहीत नसेल तर लॉगमध्ये (ईसीयूतून काढलेल्या नोंदींत) गेजचा नाही, मॅप सेन्सरचा, म्हणजे मॅनिफोल्डमधल्या निरपेक्ष दाबाचा, रकाना बघा.

सुपरचार्जरचं काय?

बेल्टवर चालणारा सुपरचार्जर पुलीच्या मापाने बांधलेला. बाहेरचा दाब कमी झाला की आतला त्याच प्रमाणात कमी होतो. ऑक्टेनच्या बाबतीत तो साध्या इंजिनासारखा वागतो आणि वर गेल्यावर निवळतो.

भानगड तेव्हा होते, जेव्हा कोणी गेलेली ताकद परत मिळवायला लहान पुली बसवतो. वर सगळं छान चालतं. मग ट्रक उतरून सपाटीला येतो, बूस्ट ठरवलेल्या आकड्याच्या वर जातो, आणि टाकीत मात्र डोंगरातलं ९१ असतं. पुली बदलायचीच असेल तर ट्यून आणि इंधन तुम्ही जाल त्या सगळ्यात खालच्या ठिकाणाचा हिशेब धरून ठरवा.

ट्यून ९३ ची आहे. डोंगरात प्रीमियम म्हणून ९१ च मिळतं. दोन अंकांनी काय होतंय?

टर्बो ट्यूनमध्ये होतं. ९३ च्या ट्यूनमध्ये ट्यूनरने बूस्ट आणि टायमिंग बऱ्यापैकी काठावर आणलेलं असतं. तेवढ्यासाठीच तर ती घेतात. त्या काठावरून दोन अंक काढून घेतले आणि त्यात मघाची गरम हवा मिसळली, की ईसीयू सतत टायमिंग मागे घेत बसतो. सतत टायमिंग मागे घेत चालणारी ९३ ची ट्यून नीट लिहिलेल्या ९१ च्या ट्यूनपेक्षा कमी ताकद देते. एक्झॉस्ट जास्त तापतो ते वेगळंच. म्हणजे जोखीम घेऊन वर तोटाही तुमचाच.

हातातल्या प्रोग्रामरवर दोन-तीन फायली ठेवता येत असतील तर निघण्यापूर्वी ९१ ची चढवा. डोंगरात कायमचे राहत असाल तर ९३ ची फाइल विकतच घेऊ नका. आणि ट्यूनरला उंची सांगून, तुमच्याच पंपावरच्या पेट्रोलवर काढलेले लॉग पाठवून ट्यून बेतून घ्या. माझ्या मते या एका गोष्टीवर घातलेला पैसा इतर कुठल्याही पार्टपेक्षा जास्त कामाला येतो.

नॉक सेन्सर आहे ना? तो सांभाळून घेईल की.

नॉक सेन्सर इंजिन ब्लॉकवर बसलेला एक कान आहे. हादरा बसला की तो ऐकतो, मग ईसीयू टायमिंग मागे घेतो. म्हणजे कारवाई व्हायच्या आधी नॉक होऊन गेलेला असतो. अधूनमधून एखादा हलका नॉक इंजिन सोसतं. चढावर पंधरा मिनिटं सलग चाललेल्या नॉकने पिस्टनवरच्या रिंगांमधल्या कडा तुटतात, प्लगचं चिनीमातीचं टोक उडतं.

काही ईसीयू पेट्रोल कसं आहे हे शिकूनही घेतात. फोर्डच्या इकोबूस्टमध्ये त्यासाठी वेगळा आकडा असतो: उणे १ म्हणजे पेट्रोल उत्तम, अधिक १ कडे सरकला म्हणजे वाईट. पण हे शिकायला वेळ आणि ठरावीक लोड लागतो. पंपावर खराब पेट्रोल भरून थेट घाटाला लागलात तर ट्रक अजून जुन्याच टाकीच्या भरवशावर असतो. आणखी एक. काही ट्यूनमध्ये नॉक सेन्सरची संवेदनशीलता कमी केलेली असते, ‘उगाच टायमिंग मागे घेतो’ म्हणून. अशी ट्यून मी तरी कोणाला सुचवणार नाही.

लॉगमध्ये नेमकं काय बघायचं?

मॅप, इनटेक हवेचं तापमान, प्रत्यक्ष टायमिंग, प्रत्येक सिलिंडरचा नॉक रिटार्ड (नॉकमुळे मागे घेतलेलं टायमिंग), लॅम्ब्डा (हवा-पेट्रोलचं प्रमाण) आणि वेस्टगेट ड्यूटी (वेस्टगेट किती मिटवायचा त्याची टक्केवारी) एवढे रकाने लावा. सपाट रस्त्यावर तीन सेकंद थ्रॉटल दाबून काढलेला लॉग डोंगराबद्दल काहीच सांगत नाही. निदान दोन-तीन मिनिटं सलग लोड हवा.

एक नमुना बघू. व्ही-६ टर्बो, ३००० मीटर उंची, सात टक्के चढ, मागे ट्रेलर, ३००० आरपीएम. सुरुवातीला टायमिंग १२ अंश, इनटेक ४१ अंश, नॉक रिटार्ड शून्य. मिनिटभराने इनटेक ५२, टायमिंग १०, आणि तिसऱ्या सिलिंडरमध्ये दीड अंश रिटार्ड. इथपर्यंत ठीक, एखाद्या सिलिंडरमध्ये अंश-दीड अंश येऊन जाणं नेहमीचं. दुसऱ्या मिनिटाला इनटेक ६४, टायमिंग ७, आणि सहाही सिलिंडरांत तीन ते चार अंश. वेस्टगेट ड्यूटी नव्वदच्या वर, तरी मॅप हवा तेवढा येत नाही.

याचा अर्थ असा: टर्बोकडे आता द्यायला काही उरलेलं नाही, इंटरकूलर भरून पावलाय, आणि पेट्रोल त्या उष्णतेला पुरत नाही. एकाच सिलिंडरमध्ये रिटार्ड असता तर प्लग, इंजेक्टर किंवा कार्बनचा थर तपासायला सांगितलं असतं. सगळ्यांत एकदम आलं की ऑक्टेन आणि उष्णता यांच्याकडेच बोट जातं. पाय काढा, गिअर खाली टाका, आणि पुढच्या पंपावर मिळेल तितकं वरचं ऑक्टेन भरा.

ट्रेलर ओढताना गिअर खाली टाकला तर आरपीएम वाढतात. त्याने नॉक वाढणार नाही का?

उलट कमी होतो. तेवढीच ताकद जास्त आरपीएमला काढली की प्रत्येक स्ट्रोकला लागणारा दाब कमी होतो, आणि कोपऱ्यातल्या मिश्रणाला स्वतःहून पेटायला वेळही कमी मिळतो. सगळ्यात वाईट म्हणजे १५००-१८०० आरपीएमला वरच्या गिअरमध्ये ट्रक कोंडून बूस्टवर ओढत नेणं. डायरेक्ट इंजेक्शन टर्बो इंजिनात तिथे लो-स्पीड प्री-इग्निशनचा धोका असतो. ते नॉकपेक्षा वेगळं आणि वाईट प्रकरण: ठिणगीच्या आधीच मिश्रण पेटतं. त्यावर ऑक्टेनचा पूर्ण उतारा नाही. ऑइलचाही त्यात वाटा असतो. म्हणून डब्यावर एपीआय एसपी दर्जा आहे का ते पाहून ऑइल घ्या, आणि टो-हॉल मोड (ट्रेलर ओढतानाचा गिअरबॉक्सचा मोड) चालू ठेवा.

वर भरलेल्या टाकीवर खाली उतरलो तर?

साध्या इंजिनाचा खरा प्रश्न हाच आहे. कोलोरॅडोतल्या, ३४०० मीटरवरच्या आयझेनहॉवर बोगद्यातून निघून सपाटीकडे उतरणाऱ्याच्या टाकीत वरचं पेट्रोल असतं आणि दर तासाला हवेचा दाब वाढत असतो. जे इंजिन डोंगरात ८७ घेऊन निमूट चाललं, ते खाली उकाड्यात, भरल्या ट्रेलरसह नॉक करू शकतं. टाकी वर अर्धीच भरा, बाकी खाली भरा.

टाकीत दोन प्रकारचं पेट्रोल मिसळलं तर ऑक्टेन किती धरायचं?

साधी सरासरी काढा, कामापुरतं बरोबर येतं. १०० लिटरच्या टाकीत ८७ चं ३५ लिटर उरलंय आणि वर ९१ चं ६५ लिटर ओतलंत, तर हिशेब ८९.६ चा. ९१ ची ट्यून चालवायला हे कमी आहे. म्हणून ट्यून बदलायच्या आधी टाकी शक्य तेवढी रिकामी करून भरा.

ऑक्टेन बूस्टरची बाटली घ्यावी का?

बाटलीवर ‘पाच पॉइंट वाढ’ असं लिहिलेलं असतं, आणि एक पॉइंट म्हणजे बऱ्याचदा ऑक्टेनचा ०.१ इतकाच भाग. म्हणजे ९१ चं ९१.५. अडीनडीला एखादी बाटली जवळ असू द्या, पण तिच्या भरवशावर ९३ ची ट्यून चालवू नका. मँगनीजवाल्या बूस्टरने प्लगवर तांबूस-नारिंगी थर बसतो, तो वेगळाच व्याप. त्यापेक्षा शिशाविरहित १०० चं रेसिंग पेट्रोल मिळत असेल तर ते मिसळणं बरं. शिसं असलेलं रेसिंग पेट्रोल किंवा विमानाचं १०० एलएल मात्र नको. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आणि ऑक्सिजन सेन्सर कामातून जातात.

इथेनॉल, म्हणजे ई८५ चालेल?

ट्रक त्यासाठी बनलेला आणि ट्यून झालेला असेल तर ट्यून केलेल्या टर्बोसाठी याहून चांगलं पंपावरचं इंधन शोधून सापडणार नाही. इथेनॉलचं ऑक्टेन वरचं आहेच, शिवाय बाष्प होताना ते पेट्रोलच्या दुपटीहून जास्त उष्णता शोषतं. डायरेक्ट इंजेक्शनमध्ये तर हा गारवा थेट सिलिंडरमध्येच मिळतो, म्हणजे मघाच्या १४५ अंशांवरचं औषधच.

दुसरी बाजूही पाहा. शुद्ध पेट्रोलला १४.७ भाग हवा लागते, निव्वळ इथेनॉलला ९. म्हणजे पंप आणि इंजेक्टरांना कितीतरी जास्त इंधन ढकलावं लागतं, आणि ॲव्हरेज साधारण पाव हिश्श्याने पडतं. अमेरिकेत ई८५ या नावाखाली ५१ ते ८३ टक्के काहीही असू शकतं. थंडीत इंजिन सुरू व्हावं म्हणून इथेनॉल कमी ठेवतात, आणि डोंगरात थंडी लांबते. म्हणून फ्लेक्स-फ्युएल सेन्सर (इथेनॉलची टक्केवारी मोजणारा) नसताना ठरावीक टक्क्यांची ट्यून धरून बसणं मला पटत नाही. सेन्सर बसवायचा नसेल तर निदान प्रत्येक वेळी भरताना तपासणीच्या नळीत टक्केवारी बघा.

वॉटर-मिथेनॉल इंजेक्शन?

यात इनटेकच्या हवेत पाणी-मिथेनॉलचा फवारा मारतात. चढावर इनटेक थंड ठेवायला उत्तम. त्याची टाकी रिकामी झाली किंवा नोझल तुंबली की बूस्ट आपोआप खाली यायला हवा. ही सोय नसेल तर बसवू नका. बर्फाच्या भागात नुसतं पाणी गोठतं, निम्मं मिथेनॉल ठेवा.

डेन्व्हरसारख्या उंच शहरातल्या डायनोवर (ताकद मोजायच्या यंत्रावर) आकडा भारी आला. म्हणजे इंधन पुरतंय ना?

डायनोचं सॉफ्टवेअर विरळ हवेची भरपाई म्हणून आकडा वाढवून दाखवतं. साध्या इंजिनाला ते न्याय देतं. टर्बोने मात्र ती भरपाई स्वतःच केलेली असते, त्यामुळे त्यावर पुन्हा भरपाई चढवली की कागदावर फुकटची ताकद येते. शिवाय डायनोवर पंखा समोर असतो आणि खेळ काही सेकंदांत संपतो. इंटरकूलरला घाम फुटायला तेवढा वेळ पुरत नाही. भरपाई न केलेला आकडा आणि नॉक रिटार्डचा आलेख मागून घ्या.

गरम इंजिन बंद करून थांबलो, मग सुरूच होईना. ऑक्टेन कमी पडलं का?

याचा ऑक्टेनशी संबंध नाही. कमी दाबात पेट्रोल लवकर उकळतं आणि लाइनमध्ये वाफ धरते. हिवाळी पेट्रोल टाकीत असताना एकदम गरम दिवस आला की हे जास्त होतं. बॉनेट उघडून थांबा. पुन्हा पुन्हा होत असेल तर फ्युएल पंपाचा दाब तपासा.

माझा ट्रक डिझेल आहे. मी काय भरू?

डिझेल. ऑक्टेन हा विषय तुमचा नाहीच. डिझेलला सीटेन बघतात, म्हणजे ते किती चटकन स्वतःहून पेटतं ते. युरोपात किमान ५१, अमेरिकेत ४०. ट्यून केलेल्या डिझेलला उंचावर धोका असतो तो टर्बोच्या वेगाचा आणि एक्झॉस्टच्या तापमानाचा: हवा कमी, डिझेल तेवढंच, मग काळा धूर. त्यावर उपाय इंधनात नाही, ट्यून उतरवण्यात आहे.

चुकून ८५ भरलं. आता काय करू?

टाकी उपसायची गरज सहसा नाही. ट्रेलर सोडा, बूस्ट येईल असा थ्रॉटल देऊ नका, सर्वांत सौम्य फाइल किंवा कंपनीची मूळ ट्यून चढवा. टाकी रिकामी होण्याची वाट न बघता मध्येच ९१ भरत राहा. १०० लिटर ८५ मधले ४० संपले की ४० लिटर ९१ घाला, हिशेब ८७.४ वर येतो. पुढे अर्धी टाकी संपवून पुन्हा ९१ घातलंत की ८९.२, आणखी एकदा केलंत की ९०.१. मग एक लॉग काढा, सलग चढाचा. सगळ्या सिलिंडरांत रिटार्ड शून्याच्या आसपास दिसला की ९१ ची फाइल परत चढवायला हरकत नाही.